थोरला अर्धा

सुरी टेबलावर ठेवून भिंगरीने काकडीचे दोन तुकडे बाईंपुढे धरले. एक चांगला वीतभर, दुसरा चार बोटांचा.

“हे काय गं?” बाईंनी विचारलं.

“अर्धं अर्धं केलं की. तुम्हीच म्हणालात ना, बाई.”

“हे अर्धं?”

“हो. हा थोरला अर्धा,” भिंगरीने वीतभर तुकडा वर केला, “आणि हा धाकटा अर्धा.”

बाई हसल्या आणि वर्गाकडे वळल्या. एका पोराने चूक केली की बाकीची पोरं बाकांवर लोळून हसतात, हा शाळेचा जुना नियम. पण कुणी हसलं नाही. पहिलीची चिल्लीपिल्ली ते चौथीची दांडगी, सगळी एकाच खोलीत बसलेली पोरं भिंगरीच्या हातातल्या काकडीकडे बघत होती, आणि त्यांच्या नजरेत आक्षेप नव्हता, फक्त भूक होती.

बाईंनी मग वाटाण्याला उभं केलं. वाटाणा म्हणजे दुसरीतला एक गोल गरगरीत पोरगा. त्याच्या हातात सुतळी देऊन म्हणाल्या, “हिचं अर्धं कर.” वाटाण्याने जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून सुतळी मापली आणि दातांनी तोडली. एक तुकडा लांब, एक आखूड. मग बाईंनी सगळ्यांनाच कागद वाटले आणि मधोमध घडी घालायला सांगितलं. सगळ्या वर्गाने घडी घातली ती एका बाजूला तीन बोटं जास्त ठेवून, आणि तीही इतक्या निगुतीने की कुणाची घडी वाकडी नाही.

एकाची चूक असती तर बाईंनी कान धरून दुरुस्त केली असती. सगळ्या वर्गाची चूक सारखीच आली म्हणजे तिला घरून खतपाणी मिळत होतं.

बाई या गावच्या लेक नव्हत्या, सून होत्या. लग्न होऊन आल्या आणि वर्षभरात गावच्या शाळेवर लागल्या. थोरला अर्धा, धाकटा अर्धा हे शब्द त्यांच्या कानावरून गेले होते, पण आपण उगाच ‘भली पहाट’ म्हणतो ना, तसली बोलायची तऱ्हा असेल असं त्यांना वाटलं होतं. गावात मात्र ती तऱ्हा नव्हती, रीत होती. दोघा भावांत काहीही वाटायचं झालं, वैरणीची गंज असो की पाटाचं पाणी, की थोरल्याचा अर्धा थोरला आणि धाकट्याचा अर्धा धाकटा. भांडणाचं कारणच नाही. दोघांनाही अर्धंच मिळालेलं असायचं.

“थोरल्याला जास्त का द्यायचं?” बाईंनी विचारलं.

“थोरला असतो म्हणून!” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. पाढासुद्धा इतका एका सुरात कधी आला नव्हता.

चौथीतल्या एकीने खुलासा केला, “म्हाताऱ्या आईबापाला थोरला सांभाळतो ना बाई. त्यांचं खाणंपिणं त्याच्याकडे. म्हणून.”

“बरं. आणि म्हातारा-म्हातारी वारले की?”

वाटाण्याने डोकं खाजवलं. “तरी पण थोरलाच असतो की तो, बाई.”

बाईंनी दुसरी काकडी काढली आणि भिंगरी-वाटाण्याला समोरासमोर बसवलं. “नवा नियम. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटाण्या, काप तू. तुकडा आधी भिंगरी घेईल.”

वाटाण्याने सुरी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. काकडी फिरवून बघितली. इकडून बोटं लावली, तिकडून लावली. त्याच्या कपाळावर घाम आला. पोट भरायचा प्रश्न होता, गणिताचा नव्हे. शेवटी कापली ती अशी की भिंगरीला कुठला तुकडा उचलावा ते कळेना. वर्गाने ओरडून छप्पर डोक्यावर घेतलं. मग सगळ्यांनाच कापायचं होतं. बाईंनी घरून आणलेल्या काकड्या संपल्या, पोरांच्या हनुवटीवरून पाणी गळलं, आणि अर्धा म्हणजे काय ते सगळ्यांना एकदाचं कळलं. जीभ शिकली की डोकं मागोमाग येतं.

बाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण भिंगरी आपला तुकडा हातात धरून तशीच बसली होती. एरवी तिचा पाय एका जागी ठरत नसे, नाव उगाच भिंगरी पडलेलं नव्हतं. आता मात्र ती हलेना.

“खा की गं.”

“वहिनी,” भिंगरी हळूच म्हणाली, “मग आमच्या पाटाचं तोंडपण अर्धं नाही.”

शाळेत ती ‘बाई’ म्हणायची. ‘वहिनी’ म्हणाली म्हणजे ही घरची गोष्ट होती.

भिंगरी त्यांची चुलतनणंद. बाईंचे सासरे थोरले, भिंगरीचा बाप धाकटा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने खाली यायचं. पाळीच्या दिवशी ते या दोघा भावांच्या रानात वळवलं जायचं, आणि रानाच्या तोंडाशी एक मोठा दगड पाट दुभंगायचा. डावीकडे थोरल्याचा मका, उजवीकडे धाकट्याचा घेवडा. दगड या भावांच्या बापाने बसवलेला, आणि थोरल्याच्या बाजूचं तोंड चांगलं ऐसपैस. म्हातारी आई थोरल्याकडे होती तोवर ते ठीकच होतं. आता म्हातारी जाऊनही किती उन्हाळे झाले, पण दगड होता तिथेच. तिच्या माघारी दोघा भावांत कसल्याशा वाटणीवरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. वाटेत समोरासमोर आले की एक आभाळाकडे बघे, एक जमिनीकडे.

यंदा झरा बारीक झाला होता. मका जोमात होता. घेवड्याची पानं मात्र दुपारी मुठी वळायची आणि संध्याकाळीही उघडायची नाहीत.

“बाबा म्हणतात, घेवडा गेला की घराला कुलूप,” भिंगरी म्हणाली. “शहरात जायचं, इमारतीच्या कामावर. मलापण नेणार. तिथं शाळा असते का हो वहिनी?”

“असते,” बाई म्हणाल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, “चला, सुट्टी. फळा पुसा.”

घरी जाताना त्या नेहमीची वाट सोडून लांबच्या वाटेने गेल्या. ताटातला मक्याचा प्रत्येक दाणा कुठल्या पाण्यावर वाढलाय, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि एका आठ वर्षांच्या पोरीने तोंडावर विचारणं वेगळं. पाण्यात राहून माशाशी वैर कुणी करावं? त्यांनी ठरवलं, उद्या सरळ बेरजा घ्यायच्या. बेरजेत कुणाचं काही जात नाही.

पण पोरांना एकदा खेळ सापडला की तो बाईंच्या हातात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि भिंगरी, वाटाणा आणि मागे अख्खी पलटण थेट पाटावर. हातात एक काठी. काठी आडवी धरून त्यांनी थोरलं तोंड मोजलं, खूण केली, धाकटं तोंड मोजलं, खूण केली. मग ती काठी झेंड्यासारखी वर धरून सगळे गावातून ओरडत गेले, “अर्धा नाही! अर्धा नाही!”

बाई पोचल्या तेव्हा पाळीचं गढूळ पाणी वाहत होतं आणि पाटावर माणसं जमली होती. धाकट्याची बायको, म्हणजे काकू, कमरेला हात देऊन उभ्या. काकूंची जीभ विळ्याला धार लावायच्या लायकीची.

“बघा हो बघा!” त्या ओरडत होत्या. “इतकी वर्षं अर्धा अर्धा म्हणत आमच्या डोळ्यांत धूळ टाकली! पोरांनी काठीने काढली ती!”

“काकू, जरा हळू,” बाई म्हणाल्या.

“का हळू? पाणी हळू येतंय तेवढं पुरे नाही का?”

सासरे मक्यातून बाहेर आले. उंच, हडकुळे, खांद्यावर फावडं. त्यांनी आधी काठीकडे बघितलं, मग पोरांकडे, मग सुनेकडे. सुनेकडे जरा जास्त वेळ बघितलं.

“हा दगड माझ्या बापाने बसवलाय,” ते म्हणाले. “मी नाही.”

“बसवला तेव्हा सासूबाई तुमच्याकडे होत्या,” काकू म्हणाल्या. “आता त्या काय घोटघोट पाणी मागायला येतात होय?”

“आईला मी सांभाळलं! तुझा नवरा झाडाखाली झोपला होता!”

झाडाखाली आत्तासुद्धा धाकटा बसलाच होता. माणूस वाईट नव्हता, पण काम त्याला बघून वाट बदलायचं. तो म्हणाला तेही झाडाला उद्देशून, “कुणाला तरी सांगा, आई माझीपण होती म्हणावं.”

“कुणाला तरी सांगा,” थोरले आभाळाला म्हणाले, “आई होती तेव्हा आठवायला पाहिजे होती म्हणावं.”

एवढ्यात वाटाणा मध्ये शिरला. “आजोबा, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. बाईंनी सांगितलंय.”

जमलेले लोक हसले. सासरे थोडे गोंधळले. गावासमोर दुसरीतल्या पोराशी वाद घालायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते दाढी खाजवत उभे राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि त्यांनी फावडं खाली टेकवलं.

“बरं!” ते एकदम मोठ्याने म्हणाले. “सरकवा दगड. धरा रे चौघं. पोरांचं समाधान होऊ दे. आण गं ती काठी, तूच मोज. दोन्ही तोंडं सारखी कर.”

लोक चकित झाले. चौघांनी पहारी लावल्या, दगड कुरकुरत सरकला, भिंगरीने काठीने दोन्हीकडे मापलं. केसाचा फरक नाही. लोकांनी म्हाताऱ्याची वाहवा केली. कुणीतरी म्हणालं, माणूस असावा तर असा. काकूंचासुद्धा आवाज खाली आला. बाई घरी आल्या त्या जवळजवळ उड्या मारत. त्यांना सासऱ्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि त्यांच्याबद्दल आपण मनात काय काय आणलं याची लाजही वाटली.

पण पाळ्या येत राहिल्या, जात राहिल्या, आणि घेवड्याची पानं काही उघडेनात.

“मोठेपणा दिला, पाणी नाही दिलं,” काकू वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या. या वेळी ओरडल्या नाहीत. तेच बाईंना जास्त लागलं. “तोंड सारखं आहे गं, मी बघते ना. तरी आमच्याकडे येतं ते लंगडत येतं. आमचं नशीबच धाकटं, दुसरं काय.”

भिंगरी शाळेत येऊन नुसती बसायची. एकदा बाईंनी तिला फळ्यावर अर्धा काढायला बोलावलं. तिने वर्तुळ काढलं, मधोमध रेघ मारली आणि खडू ठेवला. “बरोबर आहे, पण खरं नाही,” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. बाईंना त्या दिवशी पुढचं काही शिकवता आलं नाही. त्या खिडकीशी जायच्या, परत यायच्या, वह्या उचलायच्या, ठेवायच्या. सारखी तोंडं आणि कमी पाणी, हे गणित त्यांना सुटत नव्हतं, आणि आपण शिकवलेलंच खोटं पडलं याने त्यांचा जीव खालीवर होत होता.

ते सुटलं एका संध्याकाळी, जेवताना. सासरे खुशीत होते. ताटातला मका चघळत मुलाला म्हणाले, “काठ्या घेऊन आले होते! तोंड मोजलं शहाण्यांनी. पोट कोण मोजणार?” आणि ठसका लागेपर्यंत हसले. मग सुनेकडे वळून म्हणाले, “मग बाईसाहेब, आता उद्या काय शिकवणार?”

बाईंचा घास तोंडातच राहिला.

भांडी घासताना त्यांनी सासूला विचारलं, “पोट म्हणजे काय हो?”

सासू राखेचा बोळा फिरवत राहिली. म्हातारी कमी बोलणारी होती. मग म्हणाली, “दर साली पाटाचा गाळ काढतात ना. ज्याने त्याने आपल्या बाजूचा काढायचा. तुझे सासरे गाळ काढतात आणि वर एक फावडं माती काढतात. दर साली एक फावडं. आता बघ, दगडाच्या तोंडाशी आपली बाजू किती खोल गेलीय. वरून पाणी सपाटच दिसतं.”

“आणि काकांच्या बाजूला?”

“ते गाळसुद्धा धड काढत नाहीत. चूक एकाच घरची नसते गं.” सासूने ताट उपडं घातलं. “पण पोरीचं काय त्यात? मी या घरात आले तेव्हापासून शेवटी जेवते. उरलेल्याला अर्धा म्हणायची सवय होते माणसाला. मला झाली. तिला कशाला लावायची?”

त्यानंतर बाईंना चैन पडेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगितलं तर ज्या घरात राहायचं त्याच्या धन्याला गावात तोंडघशी पाडलं. नाही सांगितलं तर वर्गातली ती पोरगी शहरात विटा उचलायला जाईल आणि आयुष्यभर म्हणेल, बरोबर आहे, पण खरं नाही. शेवटी त्यांनी माळ्यावरचे तेलाचे दोन सारखे डबे काढले आणि नवऱ्यापुढे ठेवले. नवरा पंप दुरुस्तीची कामं करायचा, करवत त्याच्याकडे होती.

“यातला एक मध्यावर काप ना.”

“चांगला डबा कशाला वाया घालवतेस?”

“शाळेत पाहिजे.”

त्याने डबा उलटसुलट केला. “हे डब्याचं प्रकरण पाटापर्यंत जाणार. हो ना?”

“जाईल.”

“बाबा चिडतील.”

“चिडतील.”

त्याने डबा कापला. मग कानस घेऊन त्याची कड घासत बसला, बराच वेळ, पोरांचे हात कापू नयेत म्हणून. बाईंना त्या क्षणी तो फार आवडला.

दुसऱ्या दिवशी वर्गात दोन डबे. बाईंनी आधी तोंडं मोजायला लावली.

“सारखी!” वर्ग ओरडला.

“मग पाणी किती मावेल?”

“सारखं!”

“भरा.”

पोरांनी तांब्याने पाणी ओतलं. आखूड डबा भरून वाहायला लागला, पहिलीतल्यांच्या पाट्या भिजल्या, आणि उंच डबा अजून आ वासून उभाच. वाटाणा पालथा पडून आत डोकावला. “बाई, याला अजून पाहिजे! याचं पोट मोठं आहे!”

बाईंनी फक्त भिंगरीकडे बघितलं. भिंगरी उभी राहिली होती. तिचे ओठ हलत होते, एक पाय आधीच दाराकडे वळला होता.

“आज नाही,” बाई म्हणाल्या. “उद्या सकाळी. सगळे मिळून जाऊ. काठी आडवी धरायची तशी उभीपण धरता येते.”

संध्याकाळी ताटं मांडली आणि बाई खाली बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मामंजी, उद्या सकाळी मी वर्ग घेऊन पाटावर येणार आहे. पोरं खोली मोजणार आहेत. तुमच्या पाठीमागे करायचं नव्हतं, म्हणून सांगितलं.”

म्हाताऱ्यांचा हात ताटावर थांबला. नवरा खाली बघत होता. सासूने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“खाल्ल्या घरचे वासे मोजायला शिकलीस होय?” सासरे म्हणाले.

“मी अर्धा शिकवला, मामंजी. तो पुरा शिकवल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.”

“घाम कुणाचा? माझा! कुणी अडवलं होतं त्याला खणायला? झोपा काढायच्या आणि वर पाणी सारखं पाहिजे!”

“ते त्यांना सांगा की, मामंजी. तोंडाने सांगा. आभाळाला कशाला?”

म्हाताऱ्यांनी ताट सरकवलं. “ऐक. उद्या ती कार्टी माझ्या पाटावर आली, तर परत या घरात जेवायला बसू नकोस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो माझ्याच घरात निघाला.” आणि ते उठून बाहेर गेले. जेवण तसंच राहिलं. बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते रडून घेतलं. सासू शेजारी येऊन बसली.

सकाळी वर्ग निघाला. पोरांना काय, सहलच. शाळेत हजेरी घेताना बाईंनी मात्र तीच नावं दोनदा पुकारली होती. पाळीचा दिवस होता, वरून पाणी सोडायची वेळ व्हायची होती. काकू आल्या, शेजारपाजारचे आले, धाकटाही आला आणि सवयीने झाडाकडे गेला.

पाटावर सासरे आधीच होते.

दगडाशेजारी फतकल मारून बसले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपरापर्यंत चिखल, दाढीतसुद्धा चिखल. फावडं बाजूला आडवं. आणि त्यांच्या बाजूच्या पाटाच्या तळाशी ओळीने चपटे दगड ठोकलेले, वर चिकणमाती थापटलेली, अजून ओली. पहाटे केव्हा येऊन एकट्याने त्यांनी ते केलं होतं कुणास ठाऊक. रागाने केलं की लाजेने, हेही त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

पोरं काठावरच थबकली.

“आलात?” ते पोरांवर खेकसले. “मग बघता काय? मोजा. मोजायला आलात ना? मोजा की!”

भिंगरी पुढे झाली. पाटाच्या कडेला पालथी पडली आणि काठी उभी धरून आधी थोरल्या बाजूला टेकवली. खूण केली. मग सरकत जाऊन धाकट्या बाजूला टेकवली. बघितलं. पुन्हा पहिल्या बाजूला गेली. पुन्हा दुसऱ्या. तिचं तोंड वाकडं झालं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. त्यांचा जीव कानात आला होता.

“बाई, हे पण अर्धं नाही.”

“म्हणजे?” म्हातारे ताडकन उठले. “अजून नाही? अख्खा डोंगर आणून टाकू का आता?”

“नाही काका,” भिंगरी म्हणाली. “जास्त झालं. तुमचं आता दोन बोटं उथळ आहे. आमचा अर्धा थोरला झालाय.”

काकूंनी पुढे होऊन पोरीच्या दंडाला असा चिमटा काढला की ती कळवळली. “गप की गं!” काकू दातांतून म्हणाल्या. “आलंय ते येऊ दे!”

“पण अर्धं नाही ना आई ते!”

“राहू दे की! इतकी वर्षं त्यांचं होतं!”

“मग ते पण चूकच होतं!” भिंगरी दंड चोळत ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बाई, सांगा ना हिला!”

बाई पुढे झाल्या आणि भिंगरीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात एवढी पोरं, त्यांतल्या एकीला तरी आपण शिकवलेलं कळलं होतं, आणि तेही स्वतःच्या घराचं पाणी जात असताना.

म्हातारे भिंगरीकडे बघत राहिले. चिखलाने त्यांचं तोंड धड दिसत नव्हतं. त्यांनी वाकून फावडं उचललं, पाटाच्या तळाकडे बघितलं आणि थांबले. मग झाडाकडे चालत गेले. जमलेले लोक बाजूला झाले. धाकटा उठून उभा राहिला, त्याला वाटलं आता डोक्यात बसतंय.

थोरल्याने फावड्याचा दांडा त्याच्यापुढे धरला.

“घे,” ते म्हणाले. आभाळाला नाही, त्यालाच. “तू काढ दोन बोटं. मी काढली तर माझा हात खोल जातो.”

धाकट्याने फावडं घेतलं. “दादा, न्याहारी केलीस का?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“कालपासून पोटात काही नाही. काढ आधी.”

धाकटा पाटात उतरला. बऱ्याच वर्षांनी काम आणि तो एका जागी भेटले होते. त्याने हलक्या हाताने ओली माती खरवडायला घेतली. भिंगरी पुन्हा पालथी पडली, काठीवर नजर लावून. काकू तोंड फिरवून पुटपुटत होत्या, शाळेत घातली आणि हाताने पाणी घालवलं. वर पाणी सुटल्याची हाळी आली.

म्हातारे येऊन सुनेच्या शेजारी उभे राहिले.

“दुपारी लवकर ये घरी,” ते म्हणाले. “तू आल्याशिवाय तुझी सासू कुणाला वाढायची नाही. मला भूक लागलीय.”

“येते, मामंजी.”

पाटाच्या वरच्या वळणावर पाणी दिसायला लागलं, पुढे पालापाचोळा ढकलत येणारं. पोरं दोन्ही काठांवर ओणवी झाली.

“अजून थोडं, बाबा,” भिंगरी सांगत होती. “अजून. जरा अजून. थांबा, थांबा… बास!”